बिनउंबरठ्याचं दार

आमच्या गावच्या घराच्या पुढच्या दाराला उंबरठा नाही. चौकट सागाची, चांगली जाडजूड. बाजूचे दोन्ही खांब जिथल्या तिथे आहेत, पण खाली पाहिलं की करवतीच्या खुणा दिसतात. नवा माणूस आला की विचारतोच. वाळवी लागली होती का? बैलबंडी आत घ्यायची होती का? मी म्हणते, मामाजींसाठी कापला. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यावर लोक मान हलवतात आणि चहा पितात. सगळं सांगत बसलं तर चहा निवून जातो, म्हणून मीही पुढे बोलत नाही. आज सांगते.

मी लग्न होऊन राळेगाव तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा घर नवंकोरं होतं. त्याआधी ही माणसं गावाच्या कडेला झोपडीत राहायची. झोपडीला दार म्हणजे ताटी, तुराट्यांची विणलेली झडप. ती रात्री लावायची आणि सकाळी उचलून बाजूला ठेवायची. ताटीला चौकट नसते, मग उंबरठा कुठून असणार.

मामाजींचं निम्मं आयुष्य गावकीच्या कामात गेलेलं. सांगावे पोचवायचे, दवंडी द्यायची, मेलेलं ढोर ओढून न्यायचं, आणि संध्याकाळी मोठ्या घरांच्या दारात भाकरीला उभं राहायचं. उंबरठ्याच्या आत पाय टाकायचा नाही. अंगणातून ‘जोहार, माय’ अशी हाक द्यायची आणि कोणी येऊन वरून भाकर टाकेपर्यंत थांबायचं. पाण्याचंही तेच. खाली ओंजळ धरायची, वरून धार. छप्पन साली या घरानं दीक्षा घेतली आणि हे सगळं बंद केलं. ते काम सोडलं, ती भाकर सोडली, तो जोहारही सोडला. मामाजी शेतात मजुरीला जाऊ लागले. माझे मालक राळेगावला कापसाच्या जिनात कामाला लागले. मग हळूहळू जमवाजमव करून घर उभं राहिलं.

भिंती मातीच्या, छपराला कवेलू. पण चौकट सागाचीच हवी आणि तिला उंबरठा हवाच, हा मामाजींचा हट्ट. पांढरकवड्याकडून बंडीनं लाकूड आणलं. सासूबाई सांगायच्या, “घरभर ओल होती, चूल बाहेर होती, आन् हे आपले उंबरठ्यापाशी बसून.” उंबरठा पण केवढा, चांगला वीतभर उंच. एवढा उंच कायले, असं त्यांनी विचारलं तर मामाजी म्हणाले, “दिसला पाह्यजे.” लाकूड त्यातच संपलं. मागच्या दाराला दुसरी चौकट झालीच नाही, तिथे झोपडीची जुनी ताटी आणून लावली.

मी नवरी म्हणून दारात आले तेव्हा तांदळाचं माप नव्हतं की काही नव्हतं. मामाजी तेवढे आत उभे होते. म्हणाले, “पाय उचल सुनबाई. आपला उंबरठा उंच हाये.” ‘आपला’ हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की मी घुंगटातून वर पाहिलं. सकाळी उठले की ते तो उंबरठा फडक्यानं पुसायचे. थंडीत जवसाचं तेल चोळायचे. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. मी एकदा म्हटलं, “मामाजी, पूजाअर्चा सोडली म्हनता, मंग हे काय चाललं?”

“पूजा नाई करून राह्यलो,” ते म्हणाले. “लाकूड पाहून राह्यलो.”

असा हा माणूस. आणि त्याच माणसाला हळूहळू विसर पडायला लागला.

आधी हसण्यावारी गेलं. बैलांना पाणी दाखवलं का, असं विचारायचे. आमच्याकडे बैल नव्हतेच कधी. माझ्या लहान मुलीला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारायचे. जेवून उठले की पाटावर परत येऊन बसायचे आणि म्हणायचे, सकाळपासून कोणी विचारलं नाही. मी म्हणायची, “मामाजी, पोट विचारा ना, ते सांगंल.” तेही हसायचे. मग एक दिवस उंबरठ्यावर पाय अडला आणि तसेच दारात आडवे झाले. मांडीच्या वरचं हाड गेलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, बरेच दिवस पडून होते. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. डॉक्टरांनी माझ्या मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, “आता पुन्हा पडले तर उठायचे नाहीत. सांभाळा.”

हे एक वाक्य आमच्या घरात येऊन बसलं. मामाजी उठले की सगळ्यांचे हात पुढे. काठी दिली तर ती हातात आहे हेच ते विसरायचे, आणि काठी काखेत धरून चालायला लागायचे. घरात माझ्या मुलीचा पांगुळगाडा होता. एका सकाळी पाहते तर मामाजी कमरेत वाकून, त्या इवल्याशा दांड्याला धरून, अंगणात तो ढकलत चाललेले. आम्ही सगळे हसलो. मग हसू आपोआप थांबलं, कारण ते खरंच चालत होते. कुणाचा हात न धरता.

मालकांनी दुसऱ्याच रविवारी मोठा पांगुळगाडा केला. पुढे एक चाक, मागे दोन, आणि छातीजवळ आडवा दांडा. तसाच, फक्त म्हाताऱ्या माणसाच्या मापाचा. मग आजोबा आणि नात दोघांचे गाडे अंगणात फिरू लागले. शेजारीण म्हणाली, “मायबाई, एका घरात दोन-दोन पांगुळगाडे.” मी म्हटलं, “तुमच्या घरी एकबी नाही म्हनून पोटात दुखून राह्यलं काय?” माझी मुलगी पुढे पळायची आणि मागून ते, “थांब वो पोरी, माह्या गाड्याले वंगन नाही,” असं म्हणत यायचे. ते दिवस फार गोड होते. मला आजही ते आठवले की हसू येतं.

अडचण होती ती उंबरठ्याची. पुढचं चाक त्याला जाऊन धडकायचं, गाडा कलायचा आणि त्यावर रेललेले मामाजीही कलायचे. आम्ही दोघी दोन्हीकडून धरून गाडा पलीकडे उतरवत होतो, पण आम्ही दोघी काय चोवीस तास घरात बसणार? मी मजुरीला जायची, सासूबाई सरपणाला. मग मालकांनी मुरूम आणि माती चोपून उंबरठ्याच्या आतून आणि बाहेरून चढ केला, उंबरठ्याच्या माथ्याबरोबर. चाक आता सरळ वर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. मी स्वतः ढकलून पाहिलं. नामी काम झालं होतं.

मामाजी बाहेर गेले, अगदी छान. अंगणातल्या निंबाखाली बसले. आणि परत आले ते दारासमोर येऊन थांबले.

आत येईनात. “या ना,” म्हटलं तरी नाही. आम्हाला वाटलं, चढाला भितात. चढ आणखी लांबवला. वाटलं पाय घसरतो, म्हणून त्यावर भरड मुरूम टाकला. चाकांना एरंडेल घातलं. काही उपयोग नाही. रोज बाहेर जाताना बिनघोर आणि येताना दारासमोर खांब. वैशाख लागलेला, छपरावर कवेलू तापलेले, आणि हा माणूस उन्हात उभा. मला काम टाकून हाताला धरायला जावं लागायचं, आणि हात धरला की ते अंग चोरायचे. एक दिवस मी चिडले. दारात येऊन म्हटलं, “मामाजी, आत येता का पालखी धाडू?”

त्यांनी दांड्यावरचे दोन्ही हात काढले, जोडले आणि माझ्या पायांकडे पाहत म्हणाले, “जोहार, माय. सवडीनं वाढ. मी हावो उभा.”

मी लहानपणी माझ्या आजाच्या तोंडून हा शब्द ऐकला होता, आणि नंतर कुणाच्याच नाही. सासूबाई चुलीपाशी होत्या. पिठाच्या हातानं तशाच उठून आल्या. “अजी,” त्या म्हणाल्या, “काय बोलून राह्यले? हे आपलं घर हाये.” मामाजींनी त्यांच्याकडेही नजर वर करून पाहिलं नाही. आम्ही दोघींनी दोन्ही दंडांना धरून त्यांना आत आणायला पाहिलं, तर ते थरथरायला लागले. “नको माय. आत नको. मारतीन मले.” पाय लटपटले, गाडा एकीकडे गेला, आणि ते पडता पडता वाचले. सासूबाई उंबरठ्यावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

कोडं सुटलं ते माझ्या मुलीमुळे. ती शेळीच्या पिल्लामागे घराला वळसा घालून मागच्या दारी गेली आणि मामाजी गाडा ढकलत तिच्या मागे. मी मागे भांडी घासत होते. मामाजी त्या जुन्या ताटीपाशी आले, एका हातानं ती अलगद बाजूला केली आणि सरळ आत शिरले. डोक्याची टोपी काढून खुंटीवर टांगली. आणि घरधन्याच्या आवाजात म्हणाले, “भाकर झाली का नाही?”

मी राखेच्या हातानं तशीच उभी राहिले. एवढे दिवस आम्ही चाकं पाहत होतो, चढ पाहत होतो. त्यांना घर आठवत होतं, पण ते ताटीचं घर होतं. सागाची चौकट आणि चढाच्या माथ्यावरचा उंबरठा दिसला की त्यांच्या लेखी ते दुसऱ्याचं दार. आणि दुसऱ्याच्या दारात कसं उभं राहायचं हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं, ते काही विसरले नव्हते. बाकी सगळं विसरले आणि नेमकं तेवढं राहिलं, याचा मला इतका संताप आला की मी घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसले.

मालक जिनातून आले. जेवायला वाढलं आणि मी म्हटलं, “उंबरठा कापा.”

“डोकं ठिकाणावर हाये काय तुहं?” मालक म्हणाले. “बाबानं सगळ्या जल्मात एक वस्तू मागतली. तिच्यावर करवत चालवू?”

“मंग त्याहिले मांगच्या दारानं येऊ द्या. तिथून येतेत ते.”

हे सासूबाईंना झोंबलं. “माह्या मानसानं सोताच्या घरात मांगून यावं? सारा जल्म मांगून गेला, आता बी मांगून?” त्यांनी ताट सारलं. “उंबरठ्याले कोनी हात लावाचा नाही. आन् मांगून कोनी यायचं नाही.”

“मंग वाळवा त्याहिले उन्हात, कुरोड्या वाळवतो तसे,” मी म्हणाले. फटकळ तोंड. पण चुकीचं काय बोलले? मालक जेवणावरून उठले. दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिकडे मामाजींचं रोजचं चालूच होतं. मी जमेल तेव्हा त्यांना वळसा घालून मागून आणायची, चोरून. पण निंबाखालून उठले की त्यांचे पाय पुढच्याच दाराकडे वळायचे. तिथे येऊन थांबायचे, हाक द्यायचे आणि कुणी काही घालेल याची वाट पाहायचे.

जिनाला सुट्टी होती त्या दुपारी मालक घरीच होते. मामाजी दारासमोर उभे. मी उठणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “बस तू.” आणि त्या बाहेर गेल्या. गाड्याशेजारी उभ्या राहिल्या. “चला,” म्हणाल्या, “घरात चला.”

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती, पण नजर मऊ होती. “तू बी आली का माय?” ते म्हणाले. “थांब जराशी. लय आवाज नको देऊ, रागावतेत. देतीन, कायतरी देतीन.” आणि त्यांनी पांगुळगाडा जरा सरकवला, स्वतः उन्हात झाले आणि वळचणीची होती तेवढी सावली त्यांना दिली.

सासूबाई त्या सावलीत, स्वतःच्याच अंगणात, स्वतःच्याच दारासमोर, त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. आम्ही नवराबायको आतून पाहत होतो. आम्ही आत आणि ती दोघं बाहेर. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती. मग सासूबाईंनी मान वर करून आपल्या मुलाकडे पाहिलं.

“काप,” त्या म्हणाल्या.

मालकांनी शेजारच्या आळीतून करवत मागून आणली. आधी चढाची माती उकरली. मग एका बाजूनं कापायला घेतलं. साग तो, आणि वर्षानुवर्षं तेल प्यालेला, सहजासहजी थोडाच सुटणार. करवत चालली की जवसाच्या तेलाचा वास यायचा. सासूबाई लाकडावर पाय देऊन उभ्या होत्या, हलू नये म्हणून. मालक मधूनमधून बाहीनं डोळे पुसायचे आणि म्हणायचे, भुसा जातो डोळ्यात. मी काही बोलले नाही. माझ्याकडून हे म्हणजे फारच झालं. मामाजी निंबाखाली नातीला कसली तरी गोष्ट सांगत होते, त्या गोष्टीचं शेपूट कधीच डोक्याला लागत नसे आणि पोरीला त्याचं काही नव्हतं.

उंबरठा निघाल्यावर खालची खाच मुरमानं भरली, चोपली, वर शेणानं सारवलं. अंगणापासून आतपर्यंत जमीन एक झाली. दाराच्या फळ्या आखूड पडल्या, खाली फट राहिली. मालकांनी एक पट्टी ठोकली, तरी कोंबड्यांना रस्ता सापडलाच. निघालेलं लाकूड ते घेऊन बसले. टाकवेना आणि चुलीत घालायचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीशी, हात टेकेल एवढ्या उंचीवर ते आडवं बसवलं. वळताना मामाजींचा तोल जायचा, तिथे धरायला झालं.

सारवण वाळलं. मामाजी उठले आणि गाडा ढकलत आले. आम्ही तिघं आपापल्या कामात असल्यासारखे, पण कुणाचाही हात कामात नव्हता. दारापाशी त्यांची चाल जरा मंदावली. खाली पाहिलं. चाक पुढे गेलं, मग मागची चाकं, मग ते. आत आले. वळताना हात त्या लाकडावर पडला. तळव्यानं त्यांनी ते चोळलं, एकदा इकडून तिकडे आणि मग परत, रोज सकाळी फडक्यानं पुसायचे तसंच.

“लाकूड चांगलं हाये,” ते म्हणाले. “कोनी आनलं?”

“तुमीच आनलं,” सासूबाई म्हणाल्या.

“हां?” त्यांना फार मौज वाटली. “मीनं आनलं?” आणि ते हसले. सासूबाई पण हसल्या, आणि हसतच पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेल्या.

त्यानंतर मामाजी पडले नाहीत. गेले ते अंथरुणावर, झोपेत. पण ते पुढचं. त्याआधी एक उन्हाळा, एक पावसाळा आणि कापसाचा एक हंगाम त्यांनी त्या दारातून जा-ये केली. बसायची जागा दाराच्या आत, लाकडाशेजारी, घोंगडीवर. डोकं तोवर पुरतं गेलं होतं. मुलाला ओळखेनात, नातीला ओळखेनात. मी सारखी समोर पाणी-भाकर घेऊन असायची, म्हणून सुनबाई तेवढी राहिली. सासूबाईंना कधी माय म्हणत, कधी बाई. त्या मनाला लावून घेत नसत, किंवा आम्हाला तसं दाखवत.

कापूस संपून शेतं मोकळी झाली होती. सासूबाई सरपणाला पऱ्हाटीचा भारा डोक्यावर घेऊन आल्या. भारा अंगणात टाकला आणि दारासमोर उभ्या राहून पदरानं तोंड पुसत दम खात होत्या. मी चुलीपाशी. मामाजी घोंगडीवर. त्यांनी दाराबाहेर पाहिलं.

“बाहेर काहून उभी माय?” ते म्हणाले.

सासूबाईंनी पदर खाली घेतला. “मी हावो, अजी,” असं त्या म्हणणार होत्या. ओठ हललेले मी पाहिले. पण त्या थांबल्या.

“ये, आत ये,” मामाजी म्हणाले. “भेऊ नको. इथं कोनी रागवत नाही. आपलंच घर हाये.”

सासूबाई आल्या. स्वतः सारवलेल्या जमिनीवरून, पाहुणी येते तशा, जपून. मामाजींनी लाकडाला धरून स्वतःला बाजूला ओढलं आणि घोंगडीवर जागा केली. हातानं थोपटून दाखवली. त्या बसल्या. मग मामाजींनी मान वळवून मला हाक दिली.

“सुनबाई, बाईले पानी दे. उन्हातून आली.”

मी पाण्याचा गडवा उचलला.

“गिलासात दे,” ते म्हणाले. “वरून वतू नको.”

मी गिलास घेतला. काठोकाठ भरून तो सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला आणि प्यायल्या. डोळे मामाजींवर. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं, त्यात काय काय होतं ते त्यांनाच माहीत. मामाजी त्या पीत असताना पाहत बसले, गिलास रिकामा होईपर्यंत.

“अजून पाह्यजे?” त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी गिलास पुढे केला.